पोतदाराची पारख ते मशीन लर्निंग : कार्डव्यवहारांतील फसवणूक ओळखण्याचा इतिहास आणि महाड-वरंध परिसर

गोषवारा

बँकेच्या कार्डाद्वारे होणारे गैरव्यवहार ओळखण्यासाठी आज मशीन लर्निंग म्हणजेच यंत्र-अध्ययनाचा वापर केला जातो. या विषयाचा विचार बहुधा संगणकशास्त्राच्या अंगाने होतो. प्रस्तुत निबंधात तो इतिहासाच्या अंगाने केला आहे. नाणे पारखणारा पोतदार, कंपनी सरकारचा एकसारखा रुपया, १९९० नंतरची संगणकीय पारख आणि २०१८ मधील पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील सायबर हल्ला हे या विवेचनातील प्रमुख टप्पे होत. पारख कोठे केली जाते आणि पारख चुकल्यास तोटा कोणी सोसायचा, हे दोन प्रश्न प्रत्येक टप्प्यावर उपस्थित होतात. रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूर परिसरातील खातेदाराच्या दृष्टीने या दोन प्रश्नांचे आजचे स्वरूप येथे तपासले आहे.

बीजसंज्ञा : पोतदार, बट्टा, मशीन लर्निंग, कार्ड फसवणूक, सहकारी बँक, वरंध.

१. प्रस्तावना

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले वरंध हे महाड तालुक्यातील गाव. महाडहून बिरवाडीमार्गे वरंधा घाट चढून भोर व पुढे पुण्याकडे जाणारा रस्ता याच गावावरून जातो. सावित्री नदीवरील महाड हे जुने बंदर आणि घाटावरील देश यांना जोडणारी ही वाट होय. जेथे दोन मुलखांचा माल एकत्र येतो तेथे दोन मुलखांचा पैसाही एकत्र येतो. तो खरा की खोटा, पूर्ण वजनाचा की झिजलेला, हे कोणीतरी ठरवावे लागते.

आज या परिसरातील खातेदाराच्या हाती रुपे किंवा अन्य कार्ड आहे. २०१२ मध्ये सुरू झालेले रुपे कार्ड ऑगस्ट २०१४ मधील जनधन योजनेनंतर ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचले. कार्ड यंत्रात घातल्यापासून नोटा बाहेर येईपर्यंतच्या काही क्षणांत तो व्यवहार खरा की संशयास्पद याचा निर्णय दूरच्या संगणकावर होतो. निर्णय करणारा दिसत नाही आणि त्याचे कारणही खातेदारास बहुधा कळत नाही. म्हणूनच या निर्णयाच्या इतिहासाचा विचार करणे आवश्यक ठरते.

२. रायगडावरील करार आणि पोतदाराची पारख

इ. स. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडावर आला. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराच्या सवलती हे त्याच्या मागण्यांतील प्रमुख विषय होते. कंपनीचे नाणे स्वराज्यात चलनी मानावे, असेही एक कलम त्याने मांडले होते. या कलमाची आवश्यकता महाराजांना प्रारंभी वाटली नाही. नाणे त्याच्या अंगच्या किमतीप्रमाणे चालते. ते वजनाला व कसाला इतर नाण्यांच्या बरोबरीचे असेल तर त्यास मनाई नाही, परंतु तोटा सोसून परके नाणे घेण्याची सक्ती प्रजेवर करता येणार नाही, असा त्या भूमिकेचा आशय होता.

याच राज्याभिषेकाच्या प्रसंगाशी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई यांचा इतिहास निगडित आहे. आपले नाणे पाडणारा राजा परक्या नाण्याविषयी ही भूमिका घेतो, हे लक्षणीय आहे. नाण्याच्या खरेपणाची परीक्षा आणि त्या परीक्षेतील तोट्याचा भार हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची जाणीव या उत्तरात दिसते.

परीक्षेचे प्रत्यक्ष काम पोतदाराकडे असे. सरकारी खजिन्यात भरणा होणारे नाणे तो पारखून घेई. गावगाड्यात हे काम सोनाराकडे असे व त्यासही पोतदार म्हणत. नाण्याचा नाद, रंग, वजन, कडा आणि छाप पाहून तो निर्णय देई. झिजलेल्या किंवा परमुलखातील नाण्यावर बट्टा आकारला जाई. पुढे पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे अनेक प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत असल्याने या पारखीचे महत्त्व वाढले.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये नोंदविण्यासारखी आहेत. एक, पोतदार नाण्याबरोबर ते आणणाऱ्या माणसालाही ओळखत असे. दोन, त्याचा निर्णय नाणे देणाऱ्यासमोर होई, म्हणून त्यावर तेथेच हरकत घेता येई. अर्थात ही पद्धत निर्दोष नव्हती. बट्टा किती घ्यावा यात अडाणी कुळाची नाडवणूक होण्यास पुष्कळ वाव होता.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया लागू केला. अनेक प्रकारची नाणी हळूहळू मागे पडली आणि पारखीचे केंद्र गावातून सरकारी टांकसाळीकडे सरकले. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्यानंतर नोटेचा खरेपणाही छापणाऱ्या सत्तेने ठरवायचा झाला. पारख जसजशी एका केंद्राकडे गेली तसतसे ग्राहकाचे काम सोपे झाले आणि त्याच वेळी निर्णय त्याच्यापासून दूर गेला.

३. कार्डाचे आगमन आणि संगणकीय पारख

भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले. १९८७ मध्ये मुंबईत हाँगकाँग बँकेने देशातील पहिले एटीएम सुरू केले. कार्डामुळे पारखीचा विषयच बदलला. नाण्याच्या बाबतीत प्रश्न वस्तूच्या खरेपणाचा होता. कार्ड अस्सल असूनही ते वापरणारा मनुष्य भलताच असू शकतो, किंवा कार्ड खातेदाराच्या खिशात असताना केवळ त्याचे आकडे चोरले जाऊ शकतात. त्यामुळे हा खर्च या खातेदाराच्या नेहमीच्या वागण्याशी जुळतो काय, असा प्रश्न विचारावा लागला.

प्रारंभी या प्रश्नाचे उत्तर ठरावीक नियमांनी दिले जाई. अमुक रकमेपेक्षा मोठी खरेदी, एका दिवसात अमुक वेळांपेक्षा अधिक वापर, असे नियम तज्ज्ञ मंडळी लिहून ठेवीत. परंतु नियम ठाऊक झाला की लबाड मनुष्य त्याच्या आतच राहू लागतो. यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९९० नंतर न्यूरल नेटवर्कचा प्रयोग झाला. एचएनसी या कंपनीची फाल्कन ही प्रणाली १९९२ पासून वापरात आली. १९९४ मध्ये सुश्मितो घोष व डग्लस रायली यांनी मेलन बँकेच्या संदर्भातील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हरवलेली, चोरलेली व बनावट कार्डे, खोटे अर्ज इत्यादी प्रकारच्या फसवणुकीची जुनी उदाहरणे देऊन त्यांनी यंत्राला शिकविले. नियमांवर आधारलेल्या पद्धतीच्या तुलनेत या यंत्राने फसवणूक झालेली खाती कितीतरी अधिक संख्येने ओळखली आणि निर्दोष खात्यांवरील खोटे इशारे विसाव्या हिश्शापर्यंत खाली आणले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या क्षेत्रात भारतीय संशोधनाचाही वाटा आहे. खरगपूर आयआयटीतील अभिनव श्रीवास्तव, अमलान कुंडू, शमिक सुराल व अरुण मजुमदार यांनी २००८ मध्ये हिडन मार्कोव्ह मॉडेलवर आधारित पद्धत मांडली. खातेदाराच्या खर्चाचे लहान, मध्यम व मोठा असे गट पाडून त्यांचा क्रम यंत्र लक्षात ठेवते. नवा व्यवहार त्या क्रमात बसण्याची संभाव्यता फार घटली तर तो संशयास्पद ठरतो. गिऱ्हाइकाची रीत ठाऊक असलेला सराफ जे मनाशी करीत असे, तेच येथे संभाव्यतेच्या भाषेत मांडलेले दिसते.

४. यंत्राच्या पारखीतील अंगभूत अडचण

या पद्धतीची मुख्य अडचण प्रमाणाची आहे. बेल्जियममधील ब्रुसेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासासाठी खुला केलेला एक संग्रह जगभर वापरला जातो. युरोपीय कार्डधारकांच्या सप्टेंबर २०१३ मधील २,८४,८०७ व्यवहारांपैकी त्यात केवळ ४९२ व्यवहार फसवणुकीचे आहेत. हे प्रमाण ०.१७२ टक्के पडते. सर्वच व्यवहार खरे आहेत असे डोळे मिटून सांगणारे यंत्रही या संग्रहावर ९९.८ टक्के अचूक ठरेल आणि एकही चोरी पकडणार नाही. म्हणून केवळ अचूकतेची टक्केवारी सांगणारा दावा सावधपणे घेतला पाहिजे.

एका काल्पनिक उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एक लाख व्यवहारांत १७० फसवणुकीचे आहेत असे मानू. यंत्राने त्यांतील ८० टक्के म्हणजे १३६ पकडले आणि खऱ्या व्यवहारांपैकी केवळ एक टक्का चुकून अडविले, तरी अडविलेल्या खऱ्या व्यवहारांची संख्या ९९८ होते. एकूण १,१३४ इशाऱ्यांपैकी सुमारे ८८ टक्के इशारे निर्दोष खातेदारांवरचे असतात. यंत्र अधिक कडक केले तर निर्दोष अधिक अडतात, सैल केले तर चोर सुटतात. ही मर्यादा कोठे ठरवायची हा निर्णय गणिताने होत नाही. कोणता तोटा अधिक सोसवतो यावर तो अवलंबून असतो, आणि तो बँकेचे व्यवस्थापन घेते.

दुसरी अडचण शिकवणीची आहे. यंत्राला जी उदाहरणे दिली जातात त्यांतील फसवणूक कोणती हे मुख्यतः खातेदाराच्या तक्रारीवरून ठरते. ज्याने तक्रार केली नाही त्याचा गेलेला पैसा यंत्राच्या नोंदीत खरा व्यवहार म्हणून जमा होतो. तशा चोरीला यंत्र पुढेही खरेच समजते. तक्रार करण्याची साधने ज्यांच्यापाशी कमी आहेत, अशांच्या बाबतीत यंत्राचे अज्ञान अधिक राहते.

५. कॉसमॉस बँकेचे प्रकरण

महाराष्ट्रातील या विषयाच्या इतिहासात ऑगस्ट २०१८ मधील घटना महत्त्वाची आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत बनावट व्हिसा कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून १२,००० हून अधिक व्यवहारांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. भारतात रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी रुपये गेले. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट यंत्रणेद्वारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४.४२ कोटी रुपये होती. त्याच सुमारास अमेरिकेच्या एफबीआय या संस्थेने जगभरातील एटीएममधून अशी संघटित लूट होण्याची शक्यता बँकांना कळविली होती.

हल्ल्याची पद्धत या निबंधाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. एटीएमकडून आलेली विचारणा सर्वसाधारणपणे बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते, खात्यातील शिल्लक तपासली जाते आणि मग मंजुरी मिळते. हल्लेखोरांनी मधल्या स्विचच्या जागी आपला पर्यायी स्विच उभा केला. विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोहोचलीच नाही आणि मंजुरी बनावट स्विचने दिली. खजिन्यात बसलेल्या पोतदाराला बाजूला सारून त्याच्या जागी चोरानेच बसावे, तसा हा प्रकार होता.

पारख करणारे यंत्र कितीही हुशार असले तरी ते कोणत्या जागी बसविले आहे यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो, हे या प्रकरणाने दाखविले. मुख्य संगणकाजवळ बसविलेल्या प्रणालीला तेथवर न पोहोचलेला व्यवहार दिसणेच शक्य नाही. याउलट, पुण्यातील एका सहकारी बँकेच्या कार्डांवर एकाच दिवशी २८ देशांतून हजारो वेळा रोकड काढली जात आहे, ही विसंगती ओळखण्यास फारशा गुंतागुंतीच्या गणिताची गरज नव्हती. स्विचच्या बाहेर, स्वतंत्रपणे व एकत्रित बेरजेवर लक्ष ठेवणारी पारख त्यासाठी हवी होती.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या २०१९ मधील अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडण्यात आला. भारतात बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्यांचा पुणे पोलिसांनी शोध घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले. दरम्यान रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी पायाभूत सायबर सुरक्षा चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांची व्यापक चौकट जाहीर केली. लहान सहकारी बँकेलाही पारखीची जबाबदारी टाळता येणार नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

६. वरंध परिसरातील खातेदार आणि यंत्राची गृहीतके

यंत्राच्या दृष्टीने ‘नेहमीचे वागणे’ ही कल्पना मध्यवर्ती आहे. महाड व पोलादपूर तालुक्यांतील समाजजीवन तपासले असता ही कल्पना तेथे जशीच्या तशी लागू पडत नाही असे दिसते.

या परिसरातील अनेक कुटुंबांचे कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरीस आहेत. गणपती आणि शिमगा यांसाठी चाकरमानी गावी येतो. अकरा महिने मुंबईच्या उपनगरात वापरले जाणारे कार्ड चार दिवस महाडच्या बाजारपेठेत, नेहमीपेक्षा मोठ्या रकमांसाठी वापरले जाते. केवळ मागील दोन-तीन महिन्यांचा व्यवहार पाहणाऱ्या यंत्राला यात स्थळ व रक्कम या दोन्ही दृष्टींनी विसंगती आढळेल. मागील वर्षांचे गणपती लक्षात ठेवणाऱ्या यंत्राला मात्र हाच व्यवहार अगदी नेमाचा वाटेल. अर्थात यंत्राला किती मागचे शिकवावे, हा निर्णय स्थानिक समाजाच्या ज्ञानाशिवाय नीट घेता येणार नाही.

दुसरे उदाहरण आपत्तीचे आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले आणि तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी कुटुंबाच्या खर्चाची सारी चाकोरी मोडते. औषधे, कपडे, भांडी, घरदुरुस्तीचे सामान यांची एकदम खरेदी होते आणि ती बहुधा परगावी, परक्या दुकानात होते. यंत्राच्या दृष्टीने हे वागणे चोरलेल्या कार्डाच्या वापरासारखे दिसते. ज्या क्षणी पैशाची निकड सर्वाधिक, त्याच क्षणी व्यवहार अडण्याची शक्यताही सर्वाधिक, अशी ही विपरीत स्थिती आहे.

तिसरी बाब कार्डाच्या वापराची आहे. एक कार्ड म्हणजे एक मनुष्य असे यंत्र गृहीत धरते. ग्रामीण कुटुंबात वृद्ध आईचे कार्ड मुलगा, सून वा शेजारी वापरतो. गुप्त क्रमांक सांगून पैसे आणविले जातात. एका कार्डावर अनेक माणसांच्या सवयी मिसळल्याने त्या खात्याचे ‘नेहमीचे वागणे’ सैल होते आणि खरा चोर त्यात सहज लपतो. शिवाय नियमाच्या दृष्टीने गुप्त क्रमांक सांगणे हा खातेदाराचाच निष्काळजीपणा ठरतो.

७. तोट्याचा भार

रायगडावरील करारात उपस्थित झालेला दुसरा प्रश्न, तोटा कोणी सोसावा, आजही तितकाच जिवंत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकांनी ग्राहकाच्या दायित्वाला मर्यादा घातली. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर कोणताही भार नाही. दोष दोघांचाही नसून तिसऱ्याचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तरीही भार नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित भार ठरविण्यात आला. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळविण्यापूर्वीचा तोटा ग्राहकाचा, मात्र त्याचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, अशी त्या परिपत्रकांतील व्यवस्था होती. तोटा प्रजेवर लादू नये या तत्त्वाचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. कॉसमॉस प्रकरणातही रक्कम खातेदारांच्या खात्यांतून वजा झाली नाही, तोटा बँकेचा मानला गेला.

तथापि हा हक्क वेळेत कळविण्यावर अवलंबून आहे. मोबाइलवरील संदेश न वाचता येणारी, पासबुक महिनोन्‌महिने न भरून घेणारी, शाखेपर्यंत जाण्यासाठी दिवसभराची मजुरी बुडविणारी व्यक्ती तीन दिवसांची मुदत सहज गमावते. चौथ्या विभागात दाखविल्याप्रमाणे तिची न झालेली तक्रार यंत्राच्या शिकवणीतूनही गळते. म्हणजे एका मौनामुळे तिचे दुहेरी नुकसान होते : गेलेला पैसा परत मिळत नाही आणि तशी चोरी ओळखण्यास यंत्रही शिकत नाही.

फसवणुकीचे स्वरूपही दरम्यान बदलले आहे. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना दुसरी ओळखतपासणी सक्तीची झाली आणि २०१८ अखेर चिपची कार्डे देण्याची मुदत ठरविण्यात आली. बनावट कार्ड करणे अवघड झाल्यावर लबाडांनी खातेदारालाच फोनवर भुलवून ओटीपी काढून घेण्याचा मार्ग धरला. येथे ओळखतपासणी यशस्वी झालेली दिसते. म्हणून पैसा ज्या खात्यांत जमा होतो त्या भाड्याच्या खात्यांकडे लक्ष वळले. रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने विकसित केलेली म्यूलहंटर ही प्रणाली डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, ती याच दिशेची आहे. तसेच प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मधील अहवालात वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे सुचविली. यंत्राचा निर्णय समजण्याजोगा असावा, हे त्यांपैकी एक होय.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कार्डव्यवहारांची संगणकीय पारख ही नाणेपारखीच्या जुन्या परंपरेचा पुढचा टप्पा आहे. वस्तूची परीक्षा मागे पडून वागणुकीची परीक्षा पुढे आली, हा त्यातील मुख्य बदल होय.

२) पारख कोणत्या जागी होते हे तिच्या हुशारीइतकेच महत्त्वाचे आहे. कॉसमॉस प्रकरणानंतर सहकारी बँकांनी स्विचबाहेरील स्वतंत्र व एकत्रित देखरेखीस प्राधान्य देणे युक्त ठरते.

३) यंत्राच्या अचूकतेच्या दाव्यासोबत किती निर्दोष खातेदार अडले, हा आकडाही मागितला पाहिजे.

४) चाकरमान्यांचे येणे-जाणे, सणांचा खर्च व पूर-दरडींची आपत्ती ही कोकणातील व्यवहारांची नियमित अंगे आहेत. स्थानिक बँकांच्या प्रणालींना ती शिकविली गेली पाहिजेत. व्यवहार अडविल्यास त्याचे कारण मराठीत व साध्या शब्दांत कळविले पाहिजे.

५) प्रत्येक तक्रार हा खातेदाराचा हक्क आहे आणि यंत्राचा धडाही आहे. शाखेत तोंडी आलेली तक्रारही लिहून घेतली जावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून पासबुक वाचन, १९३० हा मदत क्रमांक आणि तक्रारीची मुदत यांची माहिती गावोगावी देणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे.

पोतदारासमोर उभे असलेले कूळ आपले नाणे का नाकारले, हे निदान विचारू शकत होते. वरंधच्या खातेदाराला आपला व्यवहार का अडला, हे विचारण्याची आणि उत्तर मिळण्याची तेवढी तरी सोय असावी, ही अपेक्षा तंत्रज्ञानाच्या प्रगतीशी मुळीच विसंगत नाही.